पावशीवरचे दोन ठिपके

आई आठ दिवस दवाखान्यात होती. त्या आठ दिवसांत स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. काम फार नव्हतं, सकाळच्या डब्यापुरते आलू, एखादं वांगं, वरणावर पिळायला लिंबू. नवव्या दिवशी तिला घरी आणलं. चहा झाला, गोळ्या झाल्या आणि भिंतीला हात लावत लावत ती स्वयंपाकघरात गेली. पावशी तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात होती. आईने ती ओढली, पदराने पातं पुसलं आणि पदर माझ्यासमोर धरला. फिकट पदरावर विटकरी पट्टा उमटला होता.

"ओलीच ठेवून राहिला होता काय रे?"

ओलीच ठेवत होतो. धुवायची, निथळायला टेकवायची आणि धावत बस पकडायची. जुलैची झड लागलेली, खिडकी उघडी. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या कामात माझी एकतीस वर्षं गेली. पोलाद तापवायचं, तेलात सोडायचं, पुन्हा हलकं तापवायचं, त्याचा कडकपणा मोजायचा, यावर घर चाललं. कोणतं पोलाद कशाने गंजेल हे झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. आणि माझ्या जन्माआधीपासून घरात असलेली पावशी मी आठ दिवसांत गंजवली. ते मला फार लागलं. हा लेख त्या लागण्यातूनच आला आहे.

तिकडे पुण्या-मुंबईकडे जिला विळी म्हणतात ती आमची पावशी. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी उमरेडच्या बाजारातल्या लोहाराकडून करून घेतली होती. ट्रकच्या कमानीचा एक तुटका पाटा होता. आजोबांनी त्या एकाच पाट्याच्या दोन पावश्या करवल्या, एक आईसाठी, एक धाकट्या मावशीसाठी. पळसाच्या फुलासारखा रंग आला की लोहार पातं पाण्यात घालायचा, असं आई सांगते. ती तेव्हा तिथे उभी होती. त्याला आपण पाणी देणं म्हणतो, आणि कारखान्यात कितीही हार्डनिंग, क्वेंचिंग म्हटलं तरी आमचे जुने कारागीर अजून 'पाणी दिलं का?' असंच विचारतात.

कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो, गंज अडवणारं क्रोमियम नाही म्हटलं तरी चालेल इतकंच. असं पोलाद धार सुरेख घेतं आणि गंजतंही लवकर. तरी ही पावशी साठ वर्षं टिकली. तिला गंज नव्हता, पण ती चकचकीतही कधी नव्हती. तिचा रंग काळा. कैरीच्या दिवसांत त्या काळ्यात निळी झाक यायची, चिंच कोळून झाली की राखाडी, वांग्यांनी जांभळट. माझं लग्न झालं त्या वर्षी बायकोने हौसेने तारेच्या घासणीने पावशी घासून लख्ख केली. आई एक शब्द बोलली नाही. तिने पुढचे दोन दिवस कैऱ्या चिरल्या, लोणच्याच्या नाही, नुसत्या चिरायच्या म्हणून. तिसऱ्या दिवशी पातं पुन्हा काळं झालं तेव्हा तिचा जीव थाऱ्यावर आला.

त्या वेळी मलाही त्यातलं कळत नव्हतं. नंतर कळलं. लोखंडावर दोन प्रकारचं आवरण चढतं. एक तांबडं, भुसभुशीत, मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट फुगलेलं. ते पापुद्र्यांनी सुटतं, पापुद्र्यांत पाणी धरून ठेवतं, म्हणून जिथे एकदा तांबडं लागलं तिथे ते आणखी लागत जातं. दुसरं काळं, पातळ, अंगाला घट्ट चिकटलेलं. आंबट फळांच्या आणि भाज्यांच्या रसाने पातं हळूहळू काळं होतं ते हे. ते गंज पूर्ण थांबवत नाही, पण तांबड्याला पाय रोवायला जागा देत नाही. आजोबांचा अडकित्ता असाच काळाशार होता. सुपारीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग होतो, हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, उकळून शाई करायचे त्यातही हेच घडायचं. आजोबांच्या अडकित्त्यावर, म्हणजे, रोज थोडी शाई तयार होत होती.

(आमच्याकडे गंज म्हणजे पातेलंसुद्धा. 'गंज घासून ठेव' म्हटलं की बाहेरचा माणूस भलतंच समजतो.)

पावशी टिकली त्याला आईचा हात कारण आहे, आणि नागपूरची हवासुद्धा. लोखंड हवेत गंजायला हवेत पुरेसा ओलावा लागतो. सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि काम सुरू होतं. त्याच्या खाली गंज रेंगाळतो. आता नवतपातली नागपूरची दुपार आठवा. पारा पंचेचाळीसच्या वर, दोरीवर टाकलेली ओली साडी अर्ध्या तासात कडक. अशा हवेत लोखंड ओलं राहणार कसं? आमच्याकडे उन्हाळ्यातला गंज आणतो तो कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून आलेला गारवा अंगाला सुखाचा, पण त्या झोतासमोर महिनाभर ठेवलेली कात्री मी तांबडी झालेली पाहिली आहे. आईने कूलरच्या वाटेवर पावशी कधी ठेवली नाही. 'तिले वारं नाही सोसत,' एवढंच म्हणायची.

मावशी रत्नागिरीला दिली. तोच पाटा, तोच लोहार, त्याच दिवशी पाणी दिलेली दुसरी पावशी तिच्याबरोबर समुद्राकाठी गेली. मावशी आईपेक्षा कमी काटेकोर नव्हती. तीही पुसायची, तीही खोबरेल लावायची. पण तिकडच्या हवेतच मीठ. मिठातला क्लोराइड फक्त गंजवत नाही, तो टोचतो. वरून सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो आणि आत खड्डा खोल जात राहतो. मी सातवीत असताना उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा पातं देवीच्या व्रणांसारखं झालं होतं. पुढे कधीतरी ते टोकाकडून मोडलं. दोन बहिणींच्या दोन पावश्यांची ही गोष्ट मी कारखान्यात शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचो. पोलादाचा नंबर विचारण्याआधी ते कुठे राहणार आहे ते विचारा, असं म्हणायचो.

लोखंडाला जमिनीतून काढून आपण त्याला थोडा काळ धातू म्हणून राहायला लावतो. त्याची ओढ परत मातीकडेच असते. काटोल रस्त्यावर जुनापाणीला दगडांची वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. विदर्भातल्या अशा वर्तुळांखाली लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे लगाम सापडले आहेत. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिथे उत्खनन केलं. ती भट्टी इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची मानतात. म्हणजे आपल्या या भागात अडीच हजार वर्षांहून जास्त काळ कुणीतरी पात्याला धार लावतं आहे. त्या काळच्या एका खंजिराचं छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो होतो. धार कुठे होती तेही ओळखू येत नव्हतं. नुसता खंजिराच्या आकाराचा गंज.

नोकरीला लागलो त्या वर्षी पहिल्या पगारातून मी आईसाठी इतवारीतून स्टीलची सुरी आणली. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं होतं. 'बघा, चिकटत नाही, एक नंबर माल, जन्मात गंजणार नाही.' त्याचं शेवटचं वाक्य खरं ठरलं. ती सुरी अजून घरात आहे, कधी गंजली नाही. आईने ती दोन दिवस वापरली आणि म्हणाली, "कांद्याले चेपते हे, चिरतच नाही." मग ती लोणी पसरवायला गेली.

चुंबकाची ती परीक्षा भांड्यांची आहे. ताट-वाटीचं स्टील, ज्याला आम्ही ३०४ म्हणतो, त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेलमुळे त्याची आतली मांडणी अशी होते की चुंबक चिकटत नाही. पण त्याच मांडणीमुळे त्याला पाणी देता येत नाही. कितीही तापवा आणि तेलात सोडा, ते मऊच राहणार. म्हणून वरणाची वाटी त्याची, सुरी नाही. चांगल्या सुरीला चुंबक चिकटलाच पाहिजे. बाजारात आजही लोक चिकटणारी सुरी परत करतात आणि न चिकटणारी घरी नेतात. हे पाहिलं की मला राहवत नाही, मी अनोळखी माणसालाही थांबवून सांगतो.

न गंजणारं आणि तरीही कडक होणारं पोलाद इंग्लंडमध्ये शेफील्डला निघालं. हॅरी ब्रिअर्ली हा पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचा मुलगा. लहानपणी प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून त्याने सुरुवात केली. बंदुकीची नळी आतून झिजते त्यावर तो उपाय शोधत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेलं पोलाद ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी नमुना आम्लाने खरवडून घ्यावा लागतो, आणि हे पोलाद आम्लाला दाद देईना. शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांचं गाव, त्यामुळे त्याला सुरी सुचणं साहजिक होतं. त्याने लिंबाचा रस, व्हिनेगर लावून पाहिलं. कारागिरांनी मात्र पहिल्यांदा नाकं मुरडली. हे पोलाद नेहमीच्या पद्धतीने ठोकलं की तडकत होतं, आणि केलेल्या सुऱ्या कापत नव्हत्या. न कापणाऱ्या सुरीचा शोध लावणारा म्हणून त्याला हिणवलं गेलं. अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या सुऱ्या करणाऱ्याने व्हिनेगरमध्ये टाकून पाहिली आणि 'स्टेनलेस' हा शब्द वापरला. इथे आईचं वाक्य आणि शेफील्डच्या कारागिरांचं वाक्य एकच आहे. सुरी गंजत नाही हे ठीक, पण चिरते का?

स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं असं आपण समजतो. मुळात त्यातलं क्रोमियमच हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि पृष्ठभागावर एक पापुद्रा धरतं. काही नॅनोमीटरचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा वीस-तीस हजारावा हिस्सा. त्यावर ओरखडा गेला तर हवा मिळताच तो पुन्हा भरून येतो. यासाठी साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम लागतं. एवढं पुस्तकात असतं आणि मीही एवढ्यावरच बरीच वर्षं समाधानी होतो.

आईच्या पदरावरचा तो पट्टा पाहिल्यावर त्या रविवारी मी गच्चीवर सहा ग्लास मांडले. कारखान्यातून आणलेल्या पट्ट्यांचे तुकडे घरी पडलेले होतेच. एक कमानपाट्याचा. एक ओएचएनएसचा, ज्याच्या आम्ही डाय करतो. एक एचसीएचसीआर, म्हणजे डी-२, भरपूर कार्बन आणि क्रोमियमचं पोलाद. दोन तुकडे ४४०सी या कडक होणाऱ्या स्टेनलेसचे, एकाच पट्टीचे, शेजारी-शेजारी कापलेले. त्यातला एक १०४० अंशांवर तापवून, तेलात सोडून, पुढे १८० अंशांवर शांत केलेला, आणि दुसरा पोलादाच्या गिरणीतून आला तसा मऊ. सहावा ३०४ चा, जुन्या झाऱ्याच्या दांड्याचा. सगळे एकाच पॉलिश पेपरने घासले, कारण खरखरीत पृष्ठभाग जास्त गंजतो, तो फरक मध्ये यायला नको होता. ग्लासात मिठाचं पाणी, वर अर्धं लिंबू. तुकडे अर्धे बुडतील असे उभे केले. आई खुर्ची घेऊन बसली. "पाहू तर खरं, कोण पहिले लाल होते," म्हणाली.

कमानपाटा तासाभरात पिवळा पडला, संध्याकाळी पाण्याच्या रेषेवर नारिंगी गळू लागला. ओएचएनएस त्याच्या मागोमाग. यात आश्चर्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डी-२ वर तपकिरी ठिपके होते. कागदावर त्यात १२ टक्के क्रोमियम, ब्रिअर्लीच्या पोलादाच्या जवळपास. तरी ठिपके. ३०४ जसाच्या तसा. आणि ४४०सी चे दोन तुकडे, एकाच पट्टीचे, एकाच वितळणीचे, तोच १७ टक्के क्रोमियम आणि एक टक्का कार्बन. पाणी दिलेला स्वच्छ होता. मऊ तुकड्यावर बोटाएवढा तांबूस डाग पसरला होता.

मी हे वाचलेलं होतं, पण ग्लासात उभं असलेलं पहिल्यांदा पाहिलं. आईने दोन्ही तुकडे हातात घेतले, उलटसुलट केले. "एकाच आईचे ना दोघं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

घडतं ते असं. कार्बनला क्रोमियम फार आवडतं. दोघं मिळून कार्बाइडचे कण बनवतात. हे कण दगडासारखे कडक, धार टिकवायला उत्तम. पण त्यांच्यात गेलेलं क्रोमियम पापुद्रा धरायला उरत नाही. घरात बारा भाऊ आहेत, पैकी सहा कार्बनच्या वाड्यावर कायमचे राबायला गेले, तर दाराशी राखण करायला सहाच. डी-२ मध्ये दीड टक्का कार्बन असतो, त्यामुळे बारातलं जेमतेम निम्मं मोकळं राहतं. म्हणून ते धार धरतं आणि लिंबू सोसत नाही. गिरणीतून आलेल्या मऊ ४४०सी मध्येही बरंचसं क्रोमियम कणांत अडकलेलं असतं. हजार अंशांच्या वर तापवलं की त्यातले पुष्कळ कण पोलादात विरघळतात, क्रोमियम मोकळं होतं, आणि तेलात सोडलं की ते तसंच मोकळं राहून जातं. म्हणजे भट्टीतून काढलेल्या त्या एका क्षणात पातं कडकही होतं आणि गंजाला पुरूनही उरतं. एकतीस वर्षं मी कडकपणाच मोजत आलो. तो दुसरा गुण माझ्याच हातून दिला जात होता, त्याच्याकडे मी पुरतं पाहिलं नव्हतं.

आणि तो माझ्याच हातून एकदा हिरावलाही गेला होता. सात-आठ वर्षांपूर्वी फळांवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यासाठी आम्ही चार-पाचशे पाती हार्डन केली. टोकं मोडतात अशी त्यांची तक्रार आली. कडकपणा थोडा उतरवावा म्हणून पुढच्या खेपेला टेम्परिंग, म्हणजे ते पुन्हा हलकं तापवणं, दोनशेवरून पाचशे अंशांवर नेलं. कागदावर सही माझी. टोकं मोडायची थांबली, पण तीन आठवड्यांत पात्यांवर तपकिरी टिपके. तेव्हा भांडण झालं. ते म्हणाले, पोलाद खोटं. आम्ही म्हणालो, तुम्ही रात्रभर ब्लीचिंगच्या पाण्यात भिजत ठेवता, त्याने कुठलंही स्टील टोचलं जाईल. ब्लीचिंगची गोष्ट खरीच होती. पण पोलाद खोटं नव्हतं, आणि सगळा दोष त्यांचाही नव्हता. साडेचारशे-पाचशे अंशांच्या आसपास तेच मोकळं झालेलं क्रोमियम पुन्हा बारीक कणांत बांधलं जातं. मी ते पुन्हा कार्बनच्या वाड्यावर पाठवलं होतं. ही चूक आमची होती, असं त्या वेळी मी मोठ्याने म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ग्लासातला तो तांबूस डाग पाहताना मला ती पाती आठवत होती.

धार लावणाऱ्याच्या चाकावरही हेच होतं, लहान प्रमाणात. कोरड्या चाकावर जोर देऊन घासलं की धारेवर निळा रंग चढतो. तेवढी जागा मऊ पडते हे सगळ्यांना माहीत असतं. स्टेनलेस सुरी असेल तर तेवढी जागा गंजालाही उघडी पडू शकते. आणखी एक. लोखंडावर वापरलेल्या चाकावर स्टेनलेस घासलं की लोखंडाचे कण त्यात रुतून बसतात आणि ते गंजतात. लोक म्हणतात स्टील नकली निघालं.

गेल्या काही वर्षांत या कार्बन-क्रोमियमच्या ओढाताणीतून नव्या वाटा निघाल्या आहेत. मी निवृत्तीच्या जवळ आलो असलो तरी त्याबद्दल वाचताना मला विशीतल्यासारखं होतं. एक वाट नायट्रोजनची. कार्बन कमी करायचा आणि कडकपणाचं काही काम नायट्रोजनकडे द्यायचं. नायट्रोजन क्रोमियमला तितकं बांधून ठेवत नाही, उलट टोचणाऱ्या गंजाविरुद्ध मदत करतो. स्वीडनचं १४सी२८एन हे असं, त्यात ०.६२ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ०.११ टक्के नायट्रोजन. समुद्रात वापरायच्या चाकूंसाठी एलसी२००एन, त्यात नायट्रोजन ०.४ टक्क्यांच्या घरात. मावशीच्या ओट्यावर तेच हवं होतं. दुसरी वाट अमेरिकेतल्या लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाची. त्याचं मॅग्नाकट २०२१ मध्ये आलं. त्यात क्रोमियम फक्त १०.७ टक्के, ४४०सी पेक्षा कितीतरी कमी. पण व्हॅनेडियम आणि नायोबियम असं मोजून घातलं आहे की कार्बन त्यांच्याशीच कण बनवतो आणि क्रोमियम जवळजवळ सगळंच्या सगळं मोकळं राहतं. दहाच्या दहा भाऊ दाराशी! सतरा टक्केवाल्यापेक्षा ते गंजाला जास्त टिकतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो मजकूर आईला वाचून दाखवला. तिला आकडे नको होते. तिने विचारलं, "मग ते चिरते काय?" चिरतं, म्हटलं.

मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा मी तिच्यासाठी १४सी२८एन ची पट्टी मागवून सुरी केली. मीच तापवली, मीच शांत केली, दोनशेच्या आत. तिच्या खोलीवर सिंकमध्ये ती सुरी रात्र-रात्र पडून असते हे मला माहीत आहे. अजून एक डाग नाही. एक मात्र तिला मी फोनवर सांगून ठेवलं आहे. डाग दिसत नाही म्हणून धार शाबूत आहे असं समजू नको. धारेचं टोक इतकं बारीक असतं की लिंबाचा रस तिथे थोडासा खाऊन गेला तरी डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळतं. पातं बोथट होतं ते नुसतं घासून नाही, असं खाल्ल्यानेही होतं. आई हे जाणूनच लिंबू चिरलं की पुढचा जिन्नस घेण्याआधी पातं पुसते. कशाने काय होतं ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या पावशीवरचा गंज तिने स्वतः काढला. मी घासणी आणायला निघालो तर हातानेच थांबवलं. विटेचा बारीक चुरा, अर्धं चिरलेलं आलू, आणि आलूच्या कापलेल्या बाजूने गोल-गोल घासणं. तांबडं निघालं, काळं बरंचसं राहिलं. मग कोरड्या फडक्याने, मग चुलीजवळच्या उबेत पाच मिनिटं, मग अंगठ्याने जवसाचं तेल. हे सगळं बसून करायला तिला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा ती थांबली, श्वास घेतला. मी शेजारी बसून होतो.

सगळं झाल्यावर उजेडात धरलं तेव्हा दोन ठिपके राहिलेले दिसले. मोहरीएवढे, धारेपासून दोन-अडीच मिलिमीटरवर. नख फिरवलं की खाच लागत होती. ते गंजाचे डाग नव्हते, गंज गेल्यावर उरलेले खड्डे होते. ते भरून येत नाहीत. स्टेनलेसचा पापुद्रा भरून येतो, कमानपाट्याला तसलं काही नसतं.

गणपतीच्या आधी शिकलगार आला. नागपूरच्या महाल भागात तो अजून सायकलवर येतो, मागचा टायर उचलून चाक फिरवतो. आईने खिडकीतून हाक मारली. त्याने पावशी घेतली, ठिपके पाहिले, अंगठा धारेवरून आडवा नेला.

"कोणी ओली ठेवली जी?"

मी म्हटलं, मी.

"आता घासून काढले तर पातं अर्धं जाईल," तो म्हणाला. "काढू नका. दरवर्षी धार लावता तेव्हा अर्धा मिलि झिजतेच. धारच तिथवर जाईल, मग आपोआप निघून जातील ते."

"कितीक वर्षं लागतील?" आईने विचारलं.

त्याने पावशी डोळ्यापाशी धरली, हिशोब केला. "चार. फार तर पाच."

आईने पैसे दिले, पातं पदराने पुसलं. पदराकडे पाहिलं, कोरा होता. मग मला म्हणाली, "तेल आण."